वरचा पेटारा

कुवाबारांनी गुडघे टेकले, चष्मा कपाळावर सरकवला
आणि पेटाऱ्याला नाक लावलं.
"कापूर," म्हणाले. "आणि अस्वलाचं पित्त."
खरंच होतं. वडील जाऊन एक्केचाळीस वर्षं झाली,
तोयामातल्या या घरात त्यांचा कडू वास
अजून भाडं न भरता राहतो.

पाच पेटारे. वाळुंजाच्या फोकांचे, तागाच्या दोऱ्यात ओवलेले.
घरी असले की एकाच्या पोटात दुसरा,
दुसऱ्याच्या पोटात तिसरा.
वाटेला लागले की उतरंड: थोरला तळाशी, धाकटा माथ्यावर,
सगळ्यांभोवती निळं फडकं, गाठ वडिलांच्या छातीवर.
तळाच्या दोघांत नवी औषधं, तिसऱ्यात परत घेतलेली जुनी,
चौथ्यात गिऱ्हाइकांच्या पोरांसाठी कागदी फुगे,
चौकोनी, घडीचे.
(मला कधी मिळाला नाही. मोजलेले असतात, आई म्हणायची.)
आणि सगळ्यात वरच्यात मण्यांची पाटी, शाई, चोपडी.

धंदा सरळ होता.
औषधं दारात ठेवून यायची, वर्षाने परत जायचं,
वापरलं असेल तेवढ्याचेच पैसे.
आजारी पडला असाल तर द्या.
नसाल, तर उत्तमच.

"तोयोओकाचं काम," कुवाबारा म्हणाले, बोट फिरवत.
"थंडीत फोक कापतात आणि पाण्यात उभे करून ठेवतात.
त्यांना वाटतं, आपण अजून झाडच आहोत.
कोंब फुटतात. कोंब फुटले की साल अलगद सुटते,
मग सोलायचे."
फसवणूकच की, मी म्हटलं.
"हो," म्हणाले, आणि झाकण वरखाली करून पाहिलं.

झाकण तळाइतकंच खोल असतं.
थोडं भरा, खाली बसतं.
जास्त भरा, तेवढं वर चढतं.
दोरी आवळली की बाहेरून कुणाला कळत नाही
आत किती आहे.

चोपडी मी काल रात्री वाचली. कडा कसरीने खाल्लेल्या.
शिनशूच्या डोंगरात, खिंडीपलीकडे, शेवटचं घर.
हात्सुनो. एकटी.
पहिलं वर्ष: वापर काही नाही.
दुसरं: काही नाही.
तिसरं, चौथं, पुढे एकोणिसावं.
ना सर्दी, ना पोटदुखी, ना विळीवर कापलेलं बोट.
एवढी ठणठणीत बाई
आणि तिच्यासाठी दोन दिवसांची चढण.
फक्त अकराव्या वर्षी, वडिलांच्या मुंगीएवढ्या अक्षरात:
फुगे, दोन.

एकटीच्या घरी. दोन.

आणि पानाच्या तळाशी पेन्सिल.
अक्षर आईचं.
तिने बेरीज केलेली, ओळीने, एकही वर्ष न गाळता,
बाजाराच्या हिशेबासारखी.
एकूण शून्य.
त्याखाली दोन रेघा.

कुवाबारांना यातलं काही माहीत नाही.
ते कोपऱ्याशी अडलेत: इथे मूळचा दोरा तुटलाय,
वर दुसराच, मेण लावलेला, दाट टाक्यांचा.
तो हात मी ओळखते.
माझ्या शाळेच्या पिशवीचा बंद याच टाक्यांवर सहा वर्षं टिकला.
पट्टा खांद्याला काचू नये म्हणून
गाठ आतल्या बाजूला घेतलेली.
बेरीज आधी केली की कोपरा आधी शिवला,
ते पेटारा सांगत नाही.

"दुरुस्तीने भाव उतरतो," कुवाबारा म्हणाले.
"पण हे उसवता येईल. माझा माणूस आहे, मूळसारखं करून देतो."
नको, मी म्हटलं.
"मग चौघांचेच पैसे धरतो."
धरा.
"पाचवा नसला तर चौघांचेही पडतील."
पडू देत.

ते हिशेब मांडत बसले. मी रिकामा पेटारा ओढून घेतला
आणि झाकण लावलं. ते अर्ध्यावर थांबलं.
आत काहीही नव्हतं. मी तळहाताने दाबलं.

"दमट हवा आहे," मान वर न करता कुवाबारा म्हणाले.
"फोक फुगतात अजून. जोर लावू नका."